शेजघराची झाडलोट

दिवाळीच्या सफाईचा आपल्याकडचा क्रम ठरलेला आहे. आधी अंगण, मग ओटी, मग बैठकीची खोली आणि त्यानंतर स्वयंपाकघरातले डबे व पितळी भांडी. ज्या खोलीत पाहुण्याची नजर पोचत नाही, तिची पाळी सर्वांच्या शेवटी येते. आणि तोपर्यंत भाजणीचा वास सुटलेला असल्यामुळे पुष्कळदा ती येतच नाही. उलट बैठकीतून काढलेल्या फुटक्यातुटक्या वस्तू ‘तूर्त असू दे’ म्हणून निजायच्या खोलीत पलंगाखाली सरकवल्या जातात आणि पुढल्या दिवाळीपर्यंत तेथेच वास्तव्य करतात. वास्तविक माणसाच्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा या खोलीत जातो. चरकसंहितेने शरीर तोलून धरणारे जे तीन उपस्तंभ सांगितले, त्यांत आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेला बसवले आहे. एवढ्या मोठ्या खांबाच्या बुडाशी आपण अडगळ साठवतो.

इतिहासकारांनीही या खोलीची अशीच उपेक्षा केली. दरबार, रणांगणे आणि दिवाणखाने यांची वर्णने पानोपानी सापडतात. माणसे रात्री कोठे आणि कशावर निजत, हे शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही. तरीही महाराष्ट्राच्या इतिहासात एक वेळ अशी आली की सरकारचे शिपाई थेट निजायच्या जागेत शिरले, अंथरुणे बाहेर काढून जाळली गेली, भिंतींना चुना फासला गेला आणि जमिनीवर औषधी पाणी ओतले गेले. तेवढ्या जोराची सफाई या भूमीवर पूर्वी झाली नव्हती. ती सफाई फसली. ती का फसली, हे नीट समजून घेतले तर आपल्या घरची झाडलोट कशी असावी, तेही कळते.

पण प्रथम थोडे मागे जाऊ. ‘शेज’ हा शब्द संस्कृत ‘शय्या’चाच घरगुती अवतार. मोठ्या वाड्यांतून स्वतंत्र शेजघर असे; साध्या घरात मात्र निजण्यासाठी राखलेली खोली नसे. पुरुषमंडळी ओसरीवर किंवा सोप्यावर पडत, बायका आणि मुले माजघरात. अंथरूण रात्री पसरायचे आणि उजाडताच गुंडाळून वळकटी करून ठेवायचे, अशी रीत होती. या रीतीत एक मोठा फायदा आपोआप साधला जाई. रोज सकाळी निजण्याची जागा मोकळी होई, तिच्यावरून केरसुणी फिरे आणि आठवड्यातून एकदोनदा ती शेणाने सारवली जाई. पलंगाखालची धूळ हा प्रश्नच उद्भवत नसे, कारण पलंगच नसे.

अंथरुणाचीही गोष्ट तशीच. जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक रचून, धावदोरा घालून शिवलेली गोधडी किंवा वाकळ ही गरिबाची वस्तू खरी. पण ती धुता येई. नवरात्रापूर्वी घरोघरच्या गोधड्या नदीवर जात, खडकावर आपटल्या जात आणि वाळवंटात उन्हात पसरल्या जात. सधनाची कापसाची गादी तेवढी भाग्यवान नव्हती. तिला पाणी चालत नाही. पिंजारी आपल्या धनुकलीची तार छेडीत गल्लीत आला, म्हणजे गादी उसवायची, कापूस पिंजून मोकळा करायचा, उन्हात तापवायचा आणि खोळ धुऊन पुन्हा भरायचा, हेच तिचे स्नान. ते वर्षादोन वर्षांनी एकदा घडले तरी पुष्कळ.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची काळी बाजू विसरून चालणार नाही. माजघर हे घराच्या पोटात असे. त्याला खिडकी असलीच तर झरोक्याएवढी. बाळंतिणीची खोली तर घरातली सर्वांत अंधारी. वारा लागू नये म्हणून दारे-झरोके बंद, बाजेखाली शेगडी, वर धुरी. ज्या बाईला निवांत झोपेची आणि स्वच्छ हवेची सर्वांत अधिक गरज, तिला सर्वांत कोंदट जागा देण्याचा हा रिवाज कित्येक पिढ्या चालला.

आणि बाजेचा उल्लेख आला की ढेकणाला टाळता येत नाही. संस्कृतात याला ‘मत्कुण’ असे भारदस्त नाव आहे. लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात जाऊन निजतात ते ढेकणांच्या धास्तीनेच असावे, अशी कोटी एका प्रसिद्ध सुभाषितकाराने केली आहे. देवांची ही अवस्था, मग सुंभाने विणलेल्या बाजेवर पडणाऱ्या माणसाने काय करावे? त्याने बाज चैत्र-वैशाखाच्या उन्हात उभी करावी, दणादण आपटावी आणि खाचांत उकळते पाणी ओतावे. हा उपाय गावंढळ वाटला तरी त्यात शास्त्र आहे. ढेकूण दिवसा खाचेत, सांध्यात, गाठीत दडून बसतो. महिनेच्या महिने उपाशी राहू शकतो. केरसुणीला तो सापडत नाही. मात्र त्याला उष्णता सोसत नाही. पन्नास अंशांच्या आसपास तापमान गेले की तो आणि त्याची अंडी दोन्ही मरतात. आपल्या आज्यांजवळ तापमापक नव्हता, पण शत्रू कोठे राहतो आणि कशाने मरतो, ही दोन्ही उत्तरे त्यांना ठाऊक होती.

आता त्या फसलेल्या सफाईकडे वळू. १८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात माणसे तापाने आणि जांघेत, काखेत येणाऱ्या गाठींनी पटापट मरू लागली. गोव्यातील हडफडे गावी जन्मलेले डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस त्या वेळी मुंबईत वैद्यकी करीत होते. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग आहे, असे त्यांनी ओळखले आणि उघडपणे सांगितले. मांडवी हा बंदराजवळचा, धान्याच्या वखारींचा भाग. वखारीत उंदीर अमाप, आणि वखारींच्या आसपास दाटीवाटीने वसलेल्या चाळी. एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे. गिरणीत राबणाऱ्या कोकण्या-घाटावरच्या गड्यांच्या खोल्यांत तर पाळी बदलली की निजणाराही बदले. एक उठून कामावर जाई आणि त्याच जागेवर दुसरा अंग टाकी. अशा ठिकाणी शेजघर कुठले आणि झाडलोट कुठली?

प्लेगाचा जंतू १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे अजून अज्ञात होते. घाण, कुबट हवा, ओल आणि अंधार यांतून रोग उपजतो, अशीच सर्वसाधारण समजूत. म्हणून सफाईची मोहीम निघाली. कार्बोलिक मिसळलेले समुद्राचे पाणी गटारांतून सोडण्यात आले, घरांवर बंबांनी औषध मारण्यात आले, चुना लावण्यात आला. उजेड यावा म्हणून कित्येक घरांची कौले उतरवली गेली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांच्या हाती वाटेल त्या घरात शिरण्याची सत्ता आली.

पुण्यात रँडसाहेबांच्या अधिकाराखाली मार्चपासून मेपर्यंत गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या. देवघर, स्वयंपाकघर, माजघर यांचा विधिनिषेध राहिला नाही. रोगी आढळला तर त्याला रुग्णालयात, त्याच्या माणसांना छावणीत, आणि घरातले कपडे-अंथरूण आगीत. वृत्तपत्रे तक्रारींनी भरून गेली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली; पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. येथे आपल्या विषयापुरते एवढेच पाहायचे की, लोकांनी या सफाईला भिऊन रोगी लपवले. आजारी माणूस माळ्यावर, कणगीमागे, गोधड्यांच्या ढिगाखाली दडवला जाई. निजण्याची जागा ही जेव्हा दडण्याची जागा होते, तेव्हा ती स्वच्छ होणे शक्यच नसते.

त्याच पुण्यात, त्याच मार्च महिन्यात, दुसऱ्या तऱ्हेची शुश्रूषाही चालू होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी हडपसरच्या बाजूला माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना आणण्यासाठी जात. त्यातच त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. घरात शिरणारा हात कोणाचा आणि कशासाठी, याने केवढा फरक पडतो, हे सांगायला त्या एका महिन्यातले पुणे पुरेसे आहे.

मोहीम जुलमी होती म्हणून फसली, हे अर्धे सत्य झाले. उरलेले अर्धे असे की तिला शत्रूचा ठावठिकाणाच ठाऊक नव्हता. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखवले की मेलेल्या उंदराच्या अंगावरून उतरलेल्या पिसवा रोग पसरवतात. कित्येक वर्षे त्याचे कोणी मानले नाही. १९०५ पासून मुंबईत प्लेग संशोधन आयोगाने काम हाती घेतले, तेव्हा त्या म्हणण्याला बळकटी आली. आयोगाने प्लेगच्या जागी गिनीपिगांचे पिंजरे ठेवून पाहिले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातली जनावरे रोगाने मेली. उंच टांगलेल्या पिंजऱ्यातली जगली. हवा दोघांची एकच होती. पिसवेची उडी मात्र काही इंचांच्या वर जात नाही!

याहून मजेदार प्रयोग जमिनीचा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर मुद्दाम प्लेगचे जंतू शिंपडून पाहिले, तर ४८ तासांनंतर ती जमीन रोग देईनाशी झाली. चुन्याची जमीन तर २४ तासांतच निर्धोक झाली. म्हणजे ज्या जमिनी कार्बोलिकने न्हाऊ घातल्या, त्या आपल्या आपण दोन दिवसांत शुद्ध होणार होत्या. खरा शत्रू आढ्यात, भिंतीच्या बिळात आणि धान्याच्या पोत्यामागे बसला होता, आणि घरात पाण्याचे लोट शिरले की तो शेजारच्या घरात पळून जात होता.

खेड्यातल्या लोकांनी याबाबत सरकारपेक्षा लवकर शहाणपण दाखवले. ‘उंदीर पडू लागले’ अशी आवई उठली, की गाव घरे सोडून रानात झोपड्या बांधून राही. कारण ठाऊक नसले तरी खूण अचूक ओळखली होती. ज्या घरात उंदीर पडले त्या घरात निजायचे नाही, हा नियम कितीतरी कुटुंबांना तारून गेला. पुढे सरकारनेही गाव सोडण्याच्या या उपायाला उत्तेजन दिले. तरीही १८९६ पासूनच्या काही दशकांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

या संकटातून एक चांगली गोष्ट निघाली. निजायच्या खोलीत उजेड आणि हवा हवीच, ही गोष्ट कायद्याच्या भाषेत प्रथमच बोलली जाऊ लागली. १८९८ साली मुंबईत सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे वस्त्या आखल्या आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम घातला. हा आकडा अवघड वाटतो, पण त्याचा अर्थ सोपा आहे. खिडकीसमोर इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी मोकळी जागा सोडा, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या खोलीतही आकाशाचा तुकडा दिसेल. या ट्रस्टने आरंभी बांधल्या त्याहून अधिक खोल्या पाडल्या आणि गरिबांना आणखी दाटीत लोटले, हा दोष त्याच्या पदरी आहेच. परंतु दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींत सकाळचे ऊन ज्यांच्या अंथरुणावर आले, त्यांनी त्या साडेत्रेसष्ट अंशांचे थोडे ऋण मानायला हरकत नाही.

योगायोग असा की, १८९७ च्याच ऑगस्टात सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. म्हणजे झोपलेल्या माणसाच्या दोन वैऱ्यांची, पिसवेची आणि डासाची, ओळख वर्षभराच्या अंतराने पटली. मच्छरदाणी ही साहेबी चैनीची वस्तू राहिली नाही, ती औषधाच्या पंक्तीत येऊन बसली.

दुसऱ्या महायुद्धानंतर वाटले की आता झाडण्या-झटकण्याची कटकटच मिटली. पाउल म्यूलर यांनी १९३९ साली डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९५३ पासून आपल्याकडे राष्ट्रीय हिवताप नियंत्रण मोहिमेत खेड्यापाड्यांतल्या घरांच्या आतल्या भिंतींवर ते फवारले जाऊ लागले. पहिल्या फवारणीला डासांबरोबर ढेकूणही मेले, आणि लोक खूष झाले ते अधिक करून ढेकूण गेल्यामुळे! पण थोड्याच वर्षांत ढेकणांनी ते विष पचवले. मग ‘औषधात आता दम नाही’ म्हणून काही ठिकाणी फवारणीवाल्यांना दारातूनच परत लावले जाऊ लागले. उकळते पाणी पचवणारा ढेकूण मात्र अद्याप जन्मला नाही.

आणि १९६४ साली हॉलंडातील लायडन येथे फोरहॉर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी शेजघरातला आणखी एक रहिवासी उजेडात आणला. घरातल्या धुळीने शिंका आणि दमा का होतो, याचा शोध घेता घेता त्यांना धुळीतला एक अतिसूक्ष्म किडा सापडला. तो चावत नाही, डोळ्यांना दिसत नाही. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर तो गाद्या-उशांत सुखाने राहतो, आणि त्याच्या विष्ठेचे कण नाकात गेले की ज्याला त्यांचे वावडे असेल त्याचे नाक चोंदते, छाती भरते, झोप मोडते. त्याला जगायला ओल लागते. कोरडेपणा आणि साठ अंशांचे गरम पाणी त्याला मानवत नाही.

येथे दिवाळीचे मर्म कळते. चार महिने पावसाची ओल पिऊन गाद्या जड झालेल्या असतात, भिंतींना कुबट वास असतो, कपाटामागे बुरशी धरलेली असते. आश्विनातले ऊन मात्र कडक, आभाळ स्वच्छ आणि हवा कोरडी होऊ लागलेली. अंथरूण-पांघरूण बाहेर काढायला याहून चांगला काळ पंचांगात नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिलाच लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहणाऱ्या पूर्वजांनी ऋतूची निवड मोठ्या जाणतेपणाने केली होती.

मग यंदा सफाई आत सुरू करून बाहेर नेली तर? सकाळी ऊन चढताच गाद्या, उशा, रजया गच्चीवर किंवा खिडकीत टाकाव्यात, दुपारी उलटाव्यात, चांगल्या झोडाव्यात, आणि दव पडण्यापूर्वी आत आणाव्यात. चादरी, अभ्रे, मच्छरदाणी कढत पाण्यात भिजवून धुवावीत. पलंग भिंतीपासून ओढून त्याचे सांधे पाहावेत. काळे ठिपके दिसले तर उकळते पाणी तयार ठेवावे. जळमटे आधी, पंखा आणि माळा मग, जमीन शेवटी, म्हणजे एकच धूळ दोनदा काढावी लागत नाही. धूळ झटकून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. उंदराचे भोक दिसेल तर त्यावर कागद डकवू नये. काचेचे तुकडे आणि सिमेंट भरून ते बुजवावे. पलंगाखालचे सामान बाहेर काढल्यावर ते पुन्हा आत जाण्याच्या लायकीचे आहे काय, याची खडखडीत चौकशी करावी. खोली दिवसभर उघडी ठेवून वाळू द्यावी. ओल्या खोलीत निजू नये.

यातली एकही गोष्ट नवी नाही. नवी असेल तर कामाची वाटणी. प्लेगच्या काळात सफाई बाहेरच्यांनी लादली होती. त्याआधी आणि नंतर ती घरातल्या एकाच माणसाच्या माथी मारली गेली. गोधड्या नदीवर नेणारी ती, बाजेवर पाणी ओतणारी ती, माजघराच्या काळोखात शेवटी निजणारी आणि अभ्यंगस्नानाचे पाणी तापवायला सर्वांआधी उठणारीही तीच. स्वच्छ अंथरुणावर घर घोरत असते, आणि जिने ते घातले तिची झोप तीन तासांची. गाद्या उचलण्याचे बळ घरातल्या पुरुषांत आणि मुलांत भरपूर असते. क्रिकेटच्या मैदानावर ते दिसते. तेव्हा पलंग त्यांनी ओढावा, गच्चीवर गाद्या त्यांनी चढवाव्यात, आणि खोली लखलखीत झाल्यावर त्या रात्री तिला दहाच्या ठोक्याला दिवा मालवू द्यावा. चकलीचे पीठ उरले असेल, तर ते सकाळपर्यंत कोठेही जात नाही.